आधी वही, मग फी

बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेली मुले घरी येऊन "फुल स्टॅक शिकायचे आहे" असे सांगतात, तेव्हा व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न फीचा असतो आणि दुसरा नोकरीचा. हा माल नेमका आहे तरी काय, हे विचारायचे मात्र राहून जाते. एरवी नमुना पाहिल्याशिवाय कोणतीही पेढी खरेदी करीत नाही. येथे मात्र एका जाहिरातीवर आणि एका गोड बोलणाऱ्या सल्लागाराच्या फोनवर लाखाच्या घरातील व्यवहार दुपारभरात ठरतो. म्हणून प्रथम नमुना पाहावा.

ग्राहकाला दुकानाचा काउंटर दिसतो. मांडणी, दिवे, भावाच्या चिठ्ठ्या हे सारे त्याच्यासाठी असते. आत गादीवर बसलेला माणूस कोणाला उधार द्यायचे, कोणाला किती सूट द्यायची, हे ठरवतो. त्याच्याही मागे गोदाम आणि वह्या असतात. संकेतस्थळाची रचना अशीच असते. पडद्यावर दिसणारा दर्शनी भाग एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तिघांनी उभा राहतो. पहिले सांगाडा देते, दुसरे रूप देते, तिसरे हालचाल देते. गादीवरचे निर्णय दूरच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम घेतो. तो पायथन, जावा, पीएचपी किंवा नोड यांपैकी कशातही लिहिलेला असू शकतो. वह्यांचे काम डेटाबेस करतो. हे तिन्ही थर ज्याला हाताळता येतात तो फुल स्टॅक डेव्हलपर. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तयार केला. विद्या नवी असली तरी तिच्या तळाचा हिशेब जुनाच आहे, आणि व्यापारी घरातील मुलांची खरी शिल्लक तेथेच आहे.

समजा, सोलापुरातील एका कापड दुकानदाराची पदवीधर मुलगी ही विद्या शिकू लागली. बहुतेक वर्गांत पहिला सराव म्हणून कामांची यादी ठेवणारे पान करून घेतात. ते सर्वांचे सारखेच असते आणि मुलाखत घेणाऱ्याने ते शेकडो वेळा पाहिलेले असते. तिने त्याऐवजी वडिलांची उधारीची वही पडद्यावर आणायला घ्यावी. गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, माल, रक्कम, वसुली, बाकी एवढेच. वरवर पाहता आठवड्याचे काम. प्रत्यक्षात या वहीत धंद्यातील जवळजवळ प्रत्येक कठीण प्रश्न दडलेला आहे.

पहिला प्रश्न पैशांचा. जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. यंत्र बिघडलेले नसते. दशमान पद्धतीत जसा एक तृतीयांश पूर्ण लिहिता येत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश पूर्ण लिहिता येत नाही. म्हणून जाणकार डेव्हलपर रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवतो, किंवा डेटाबेसमधील डेसिमल हा प्रकार वापरतो. मग येतो जीएसटी. ३३३ रुपये ५० पैशांच्या मालावर १८ टक्के कर ६० रुपये ३ पैसे होतो. राज्यातल्या राज्यात तो केंद्र आणि राज्य यांच्यात ९-९ टक्के असा विभागला जातो. प्रत्येकी ३० रुपये दीड पैसा. दोन्ही ठिकाणी दीडचे दोन पैसे केले, तर एकूण ६० रुपये ४ पैसे होतात. हा एक पैसा कोठून आला, असे कोणताही मुनीम लगेच विचारील. संगणकशास्त्राच्या पदवीधराला तो प्रश्न सुचेलच असे नाही. घरात वर्षानुवर्षे तेरीज जुळेपर्यंत जेवणाची ताटे थांबलेली पाहिलेल्या मुलीला तो सुचतो.

दुसरा प्रश्न अर्धवट राहिलेल्या नोंदीचा. गिऱ्हाइकाने पाच हजार भरले, रोकड वहीत ते जमा झाले आणि त्याच क्षणी वीज गेली. आता त्याच्या खात्यावरील बाकी कमी झालीच नाही. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत आपल्या ग्रंथात छापली. जमा आणि नावे या दोन्ही नोंदी झाल्याच पाहिजेत, हा तिचा प्राण. डेटाबेसमधील ट्रान्झॅक्शन हीच शिस्त पाळते. दोन्ही नोंदी पक्क्या होतात, नाहीतर दोन्ही रद्द होतात. पक्के करणे म्हणजे कमिट, माघारी फिरवणे म्हणजे रोलबॅक. या विषयावरील कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. याच जातीचा आणखी एक प्रश्न: वसुलीचे बटण घाईत दोनदा दाबले गेले, तर रक्कम दोनदा जमा होईल का? आणि चुकलेली नोंद पुसू द्यावी की उलट नोंद करून दुरुस्त करावी? जुन्या वहीत खाडाखोड का चालत नसे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर शोधावे लागत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून "आता हे सारे यंत्रच लिहिते, शिकायचे कशाला?" असेही विचारले जाते. अशी साधने उधारीच्या वहीचा प्रोग्राम मिनिटभरात लिहून देतात, हे खरे आहे. तो चालतोही. पण त्याने रक्कम कशात ठेवली आणि दोनदा दाबलेल्या बटणाचे काय केले, हे तपासणारा माणूस लागतो. नुसते टंकन करणाऱ्या नवशिक्याची गरज कमी होत जाईल. तपासणाऱ्याची तशी होणार नाही. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने तरी प्रत्येक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी.

शिकण्याचा क्रम फार गूढ नाही. आधी एचटीएमएल व सीएसएस, मग बराच काळ केवळ जावास्क्रिप्ट, त्यानंतर एसक्यूएल, मग सर्व्हरची कोणतीही एकच भाषा. ती भाषा कोणती, हे ज्या शहरात राहायची तयारी आहे तेथील नोकरीच्या जाहिराती महिनाभर वाचून ठरवावे. सोबत गिट हे साधन शिकावे. केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद त्यात राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले, आणि त्याशिवाय आज क्वचितच एखाद्या कंपनीत काम चालते. रिअॅक्टसारख्या लोकप्रिय साधनांकडे मुले पहिल्याच महिन्यात धावतात. जावास्क्रिप्ट कच्चे असताना रिअॅक्ट शिकणे म्हणजे पाढे न येता व्याजाचा हिशेब मांडणे.

यातील जवळजवळ काहीही विकत घ्यावे लागत नाही. फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट हे पूर्ण अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा पायाभूत अभ्यासक्रमही मोफत पाहता येतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर मराठीतूनही पाठ आहेत. डेटाबेससाठी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल, लिहिण्यासाठी व्हीएस कोड; सगळे फुकट. मग वर्गाची फी कशाची? वेळापत्रकाची, शंका विचारायला मिळणाऱ्या माणसाची आणि सोबतीची. या गोष्टींना मोल आहे, नाही असे नाही. एकट्याने शिकणारे पुष्कळ जण दुसऱ्या महिन्यात थांबतात. परंतु ते मोल किती, हे तीन महिने घरी शिकून, वहीचा पहिला कच्चा प्रयोग चालवून पाहिल्यावरच कळते. तोवर आवड टिकली नाही, तर गेले ते फक्त तीन महिने. डोक्यावर हप्ता राहिलेला नसतो.

हप्त्याचे गणित वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहावे. "महिन्याला अमुक एवढेच, बिनव्याजी" असे सांगितले जाते, तेव्हा बहुधा त्यामागे एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. संस्थेला पैसे एकरकमी मिळतात आणि कर्जदार म्हणून नाव लागते विद्यार्थ्याचे किंवा वडिलांचे. वर्ग अर्ध्यावर सुटला, शिक्षक बदलले, संस्थेला टाळे लागले, तरी कर्ज देणाऱ्याच्या दप्तरी हप्ता थकला की थकला. सिबिलमधील नोंद मुलाच्या पुढच्या गृहकर्जापर्यंत पाठलाग करते. फोनवरून वा ॲपवरून दिल्या जाणाऱ्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे आणि ठराविक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडण्याची सोयही आहे. ते पत्रक हाती आल्याशिवाय ओटीपी सांगू नये.

"नोकरीची हमी" या शब्दांखालील बारीक मजकूरही वाचावा. हमी आहे की सहाय्य? किती टक्के हजेरी, किती अर्ज, देशात कोठेही जाण्याची अट? पगारातून फी घेणारा करार असेल, तर किती पगारापासून कपात सुरू होणार, किती महिने चालणार, एकूण कमाल किती आणि दुसऱ्याच क्षेत्रातील नोकरी लागली तरी ती होणार का? नोकरी देण्यासाठी अनामत मागणाऱ्या किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या ठिकाणी तर बोलणी तेथेच थांबवावीत.

सोलापूरच्या त्या मुलीने वही पूर्ण केली, ती वडिलांच्या दुकानात दोन महिने खरोखर चालवली आणि गिऱ्हाइकांची खरी नावे काढून तिची नमुना प्रत सर्वांना उघडता येईल अशी ठेवली, तर अर्जासोबत जोडायला तिच्याजवळ काहीतरी असेल. एका पानाच्या अर्जात दहा साधनांची नावे लिहिण्यापेक्षा त्या प्रतीचा दुवा आणि दोन वाक्ये पुरेत: दुकानात काय अडचण होती, ती कशी सोडवली. पहिली नोकरी मोठ्या कंपनीतच मिळेल असे नाही. बिलिंगची, साठ्याची, मालवाहतुकीची सॉफ्टवेअर करणाऱ्या लहान कंपन्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत आणि त्यांना चलन, क्रेडिट नोट, थकबाकी हे शब्द समजावून सांगावे न लागणारा माणूस हवाच असतो. तेथील मुलाखतीत कोणी विचारले, की रक्कम पैशांत का ठेवली, तर तिने ३३३ रुपये ५० पैशांचे बिल कागदावर मांडून दाखवावे.