दोर ज्याच्या हाती

२००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनाम्यापासून संगणकक्षेत्रात लहान, स्वयंशासित पथकांच्या पुरस्काराला जोर आला, हे इष्टच झाले; परंतु स्वयंशासनाचा अर्थ ‘जबाबदारी सर्वांची’ असा लावला गेला, की ती कोणाचीच उरत नाही.

याउलट उदाहरण लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचावसंस्थेचे: तिचे स्वयंसेवक आपापले व्यवसाय सांभाळून संकटस्थळी धावतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्या शोधकार्यातही ही मंडळी होती. दोरावरील बचावकार्याचा दंडकच असा, की ज्याच्या हाती सुरक्षादोर त्याने, शेजारी काहीही घडो, खाली उतरलेल्या सहकाऱ्याच्या भाराखेरीज कशाकडेही लक्ष द्यावयाचे नाही. गाठी तपासणारा निराळा, स्ट्रेचर सांभाळणारा निराळा, आणि कातळ निसरडा झाल्याने ऐनवेळी बेत बदलला, तरी अखेरचा शब्द एकाचाच.

पलीकडे हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत प्रचलित असलेल्या ‘स्क्रम’ या अ‍ॅजाइल कार्यपद्धतीतही कामांचा अग्रक्रम ठरविण्याचा अखत्यार प्रॉडक्ट ओनर या एकाच व्यक्तीचा, समितीचा नव्हे. त्याच्या निर्णयावर वरिष्ठांनी परस्पर शेरे मारावेत आणि काम फसले की जाब मात्र त्यालाच विचारावा, ही अन्यायकारक वहिवाट व्यवस्थापनांनी तत्काळ मोडली पाहिजे.