चढाई एकाची, डाव साऱ्यांचा

धानाची कापणी उरकून खळीं मोकळीं झालीं, म्हणजे आपल्या झाडीपट्टींत मंडई, नाटकें व कबड्डीचे सामने यांचे दिवस येतात. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या बाजूस त्या दिवसांत कोठें ना कोठें मैदान आंखलेलें असतेंच. आणि सामना संपवून लोक घरीं परततात, तेव्हां एकाच गड्याचें नांव साऱ्यांच्या तोंडीं असतें. "काय चढाई केली पोरानें!" हा उद्गार आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. मात्र त्या क्षणीं त्याच पोरास कां पाठविलें, दुसऱ्यास कां नाहीं, आणि आंत गेल्यावर काय करावें हें त्यास कोणीं शिकविलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें आक्रमणाचें सारें मर्म या न विचारलेल्या प्रश्नांत आहे. त्याकडे दुर्लक्ष झाल्यानें आपल्या मुलांचें नुकसान होत आहे, तें पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावें, एवढाच या लेखाचा हेतु.

हा खेळ आपल्यास नवा नाहीं. जुन्या पिढीस तो हुतूतू या नांवानें ठाऊक होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक मेळाव्याच्या वेळीं त्याचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. १९९० सालीं बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास स्थान मिळालें, आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीग या नांवानें धंदेवाईक संघांचे सामने सुरू झाले. पहिल्या वर्षींच्या लिलांवांत सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ सालीं ती २ कोटी ६० लाखांवर गेली. हे आंकडे खेड्यापाड्यांतील मुलांच्या कानीं पडले आहेत. ज्याला त्याला चढाईचा गडी व्हावयाचें आहे, आणि ज्या गांवास असा एक गडी लाभला, तें गांव साऱ्या डावाचा भार त्या एकट्याच्या खांद्यावर टाकून मोकळें होतें.

आतां चढाईचें गणित थोडें समजून घेऊं. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असून प्रत्येक बाजूस सात गडी असतात. चढाई करणाऱ्यास ३० सेकंद मिळतात. तेवढ्यांत दम न सोडतां निदान रेषा ओलांडून त्यानें परत यावयाचें असतें. समोर सहा किंवा सात गडी असतील, तर बोनस रेषा ओलांडून एक गुण मिळवितां येतो. पांच उरले कीं ती वाट बंद झाली. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असतां त्यांनीं चढाई करणाऱ्यास पकडलें, तर त्यांना एकाऐवजीं दोन गुण मिळतात. एका बाजूच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरींत गुण आणलाच पाहिजे, नाहीं तर चढाई करणारा बाद होतो. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला कीं आपला एक बाद गडी परत आंत येतो, आणि त्यांचे सारे गडी बाद झाले म्हणजे लोण चढून दोन गुण अधिक मिळतात.

हे नियम एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे एकच पाऊल एका वेळीं शहाणपणाचें व दुसऱ्या वेळीं वेडेपणाचें कसें ठरतें, तें कळतें. समजा, आपल्यास तीन गुणांची आघाडी आहे, एकच मिनिट उरला आहे, आणि समोर तीन गडी आहेत. टाळ्यांच्या मोहानें आपला शूर गडी आंत घुसला व पकडला गेला, तर प्रतिपक्षास दोन गुण आणि एक जिवंत झालेला गडी मिळतो, व आपली आघाडी एका गुणावर येते. तोच गडी निदान रेषा ओलांडून शेवटच्या सेकंदास परतला, तर उरलेल्या वेळेंतील निम्मा वेळ त्यानें आपल्या बाजूस मिळवून दिला. पाटीवर या चढाईचा गुण शून्य. डावांत मात्र तिची किंमत मोठी. आपल्याकडे रिकाम्या हातानें परतलेल्या मुलास प्रेक्षक हंसतात, क्वचित् प्रसंगीं त्याचे वडीलही त्यास बोलतात. हें हंसणें अज्ञानाचें आहे, आणि त्याच्याच भीतीनें कित्येक मुलें नको त्या वेळीं नको तें धाडस करतात.

एकाच गड्यावर विसंबून राहण्याचा परिणाम काय होतो, हें धंदेवाईक संघांच्या अलीकडच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. २०२२ सालीं तमिळ थलायवाज या संघानें पवन सेहरावत या नामांकित गड्यास २ कोटी २६ लाख रुपये देऊन घेतलें. पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला व तो साऱ्या हंगामास मुकला. संघ हताश होऊन बसला असता, तर त्यांत नवल नव्हतें. परंतु नरेंदर नांवाच्या तरुण गड्यानें व त्याच्या सोबत्यांनीं चढाईचें काम वांटून घेतलें, आणि तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. पुढच्या हंगामांत तोच पवन सर्वांत मोठ्या बोलीनें तेलुगू टायटन्स संघांत गेला. त्याच्या कौशल्याविषयीं कोणास शंका नव्हती. तरी २२ सामन्यांपैकीं केवळ दोन जिंकून तो संघ बारा संघांत शेवटचा राहिला.

त्याच हंगामांत पुणेरी पलटण संघानें अजिंक्यपद मिळविलें. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्यापाशीं अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चढाईचे अनेक तरुण गडी होते. एकाची पाऊलवाट प्रतिपक्षाच्या कोंपऱ्यांतील गड्यांनीं ओळखली, कीं दुसरा निराळ्या बाजूनें शिरे. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें अंतिम सामन्यांत हरियाणा स्टीलर्सवर २८ विरुद्ध २५ असा विजय मिळाला, तेव्हां सर्वांत अधिक गुण कर्णधार अस्लम याचे नव्हते, पंकज मोहिते याचे होते. कर्णधारास त्यांत उणेपणा वाटण्याचें कांहीं कारण नव्हतें; डाव तशाच रीतीनें रचलेला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, पाटणा पायरेट्सनें प्रदीप नरवाल याच्या बळावर लागोपाठ तीन अजिंक्यपदें मिळविलीं, त्याचें काय? आक्षेप खरा आहे. २०१७ सालीं प्रदीपनें चढाईचे ३६९ गुण मिळविले, आणि एका सामन्यांत एकट्यानें ३४ गुण आणले. असा गडी लाभल्यास त्याचा उपयोग करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच वर्षीं त्याच्या जोडीला मोनू गोयत होता, व त्यानेंही चढाईचे १९१ गुण मिळविले. प्रदीप बाद होऊन बाहेर बसला असतां त्यास परत आंत आणणारें कोणी तरी लागतेंच. मोठ्या गड्यासही सोबती हवा असतो. मग आपल्या गांवच्या पोरास तो नको, असें कसें म्हणावें?

आतां प्रशिक्षकाच्या कामाकडे वळूं. अमेरिकेंत फुटबॉल या नांवाचा जो धंदेवाईक खेळ चालतो, तो आपल्या फुटबॉलहून अगदीं निराळा. त्यांत अंडाकृति चेंडू हातीं घेऊन किंवा फेंकून पुढें न्यावयाचा असतो, व चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन मिळवावी लागते. न मिळाल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आपल्या तिसऱ्या चढाईची निकड ज्यानें अनुभविली आहे, त्यास हा नियम परका वाटणार नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथील संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श हे सामन्यांतील पहिल्या पंधरा-वीस चाली आधींच कागदावर लिहून काढीत. सामन्याच्या धामधुमींत सुचणाऱ्या विचारापेक्षां आदल्या दिवशीं शांत चित्तानें केलेला विचार अधिक भरंवशाचा, हें त्यांचें धोरण होतें. लांबवर एकच मोठी फेंक करण्याऐवजीं जवळजवळच्या अनेक गड्यांकडे चेंडू देत पुढें सरकण्याची पद्धत त्यांनीं रूढ केली, आणि १९८१, १९८४ व १९८८ या तीन हंगामांचें अजिंक्यपद मिळविलें. पुढें १९९४ सालापासून चाल सांगण्यासाठीं मुख्य गड्याच्या शिरस्त्राणांत बिनतारी यंत्र बसविण्यास परवानगी मिळाली. परंतु तेथेंही नियम असा कीं, चाल सुरू करण्याच्या घड्याळांत पंधरा सेकंद उरले, म्हणजे प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. पुढें काय करावयाचें, तें गड्यानेंच ठरवावयाचें.

या नियमांत शिक्षकांनीं व पालकांनीं घेण्याजोगा मोठा बोध आहे. शिकवावयाचें तें आधीं शिकवावें. मुलगा रेषा ओलांडून गेला, कीं शिकवणें थांबवावें. आपल्याकडे उलट चित्र दिसतें. आठवडाभर सराव नसतो, आणि सामन्याच्या वेळीं मात्र रेषेबाहेरून दहा माणसें "मार, मार", "परत फीर", "उजवीकडे जा" असें एकदम ओरडत असतात. तीस सेकंदांत त्या मुलानें दम सांभाळावा, सात जणांचे पाय पाहावे, कीं या दहा जणांची आज्ञा पाळावी? ओरडण्यानें आक्रमणास धार येत नाहीं; मुलाची स्वतःची नजर मात्र बोथट होते. जो मुलगा मैदानांत स्वतः निर्णय घेण्यास शिकला नाहीं, त्यास पुढें संसारांत तो घेतां येईल, याची खात्री कोणीं द्यावी?

चांगला प्रशिक्षक काय करूं शकतो, याचें उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. नाशिकच्या शैलजा जैन या इराणच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या. भाषा परकी होती, ती त्या शिकल्या. योग व प्राणायाम यांची संवय त्यांनीं त्या मुलींना लाविली. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत त्या संघानें अंतिम सामन्यांत भारताचा २७ विरुद्ध २४ असा पराभव केला. त्याच स्पर्धेंत १९९० पासून सात वेळां सुवर्णपदक जिंकलेला भारताचा पुरुषसंघही इराणकडून हरला. हें वाचून कोणास वाईट वाटेल, तर वाटूं द्यावें. ज्या खेळास आपण आपल्या मातींतला म्हणतों, तो दुसरे लोक शिस्तीनें शिकले आणि आपल्या पुढें गेले. मातीच्या अभिमानानें सामना जिंकला जात नाहीं, एवढें तरी यांतून उमगावें. आणि एक महाराष्ट्रीय स्त्री परदेशांतील मुलींना हें शिकवूं शकते, तर आपल्या घरच्या मुलीनें वरच्या इयत्तेंत जातांच मैदान कां सोडावें, याचाही विचार पालकांनीं करावा.

शेवटीं जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतों. संघांत चढाईचा गडी एकच असला, म्हणजे तो दुखावला तरी त्यास विश्रांति मिळत नाहीं. सुजलेल्या गुडघ्यास पट्टी बांधून, बक्षिसाच्या रकमेसाठीं, शाळकरी मुलास पुन्हां पुन्हां आंत पाठविलेलें आमच्या भागांत आम्हीं पाहिलें आहे. धंदेवाईक गड्यापाशीं वैद्य असतो, शस्त्रक्रियेची सोय असते, आणि बरें होण्यास पुरेसा अवधि असतो. शेतकऱ्याच्या मुलापाशीं यांपैकीं कांहीं नसतें. गुडघ्याचा आंतील बंध एकदां तुटला, तर पुढें रोवणीच्या दिवसांत चिखलांत पाय रोवून उभें राहणेंही त्यास अवघड होईल. गांवाचा एक चषक आणि मुलाचा एक पाय यांची तुलना करण्याचें कारणच नाहीं. अशा वेळीं "आज हा खेळणार नाहीं" असें सांगण्याचें धैर्य प्रशिक्षकानें दाखवावें. त्यानें न दाखविल्यास आईबापांनीं दाखवावें. ज्या संघानें तीन गडी तयार केले आहेत, त्यास हें धैर्य सहज येईल. ज्यानें एकच केला आहे, त्यास तें कधींच यावयाचें नाहीं. आक्रमणाची रचना आणि मुलाचें कल्याण या दोन गोष्टी अशा रीतीनें एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

म्हणून येत्या हिंवाळ्यासाठीं आमचें मागणें थोडेंच आहे. प्रत्येक संघानें चढाईचे निदान तीन गडी तयार करावे, आणि त्यांत एक तरी डावीकडून शिरणारा असावा. आघाडी असतां काय करावयाचें, पिछाडी असतां काय, तिसरी चढाई कोणीं करावयाची, हें सामन्याच्या आदल्या दिवशीं मुलांना बरोबर घेऊन वहींत लिहून ठेवावें. सामना सुरू झाल्यावर रेषेबाहेर एकानेंच बोलावें, आणि चढाई चालू असतां त्यानेंही मौन पाळावें. रिकाम्या हातानें परतलेल्या मुलास प्रथम विचारावें कीं, त्यानें आंत काय पाहिलें. कदाचित् पुढच्या चढाईचा गुण त्याच्या उत्तरांत असेल. दुखावलेल्या मुलानें बसून सामना पाहावा. विद्यार्थीमित्रहो, आंत जाल तेव्हां एकटे असाल खरे. परंतु तुम्ही परत याल त्या रेषेपाशीं सहा सोबती उभे आहेत, आणि त्यांतील कोणी पुढची चढाई करण्यास समर्थ आहे, हा भरंवसा ज्या संघानें तुम्हांस दिला, तोच खरा संघ समजावा.