संसारांतील शास्त्र : चपळ मोटार आणि ओला रस्ता

मोटार ही वस्तु आतां आमच्या घरांत चैनीची राहिलेली नाहीं. ती सोयीची झाली आहे. पण अलीकडे या सोयींत थोडी हौसही मिसळूं लागली आहे. बसक्या बांध्याची, रुंद चाकांची, जोरदार एंजिनाची आणि वळणावर चटकन् वळणारी जी मोटार असते तिला बाजारांत ‘स्पोर्टी’ म्हणतात. आम्ही तिला चपळ मोटार म्हणूं. घरचे चिरंजीव ती आपल्या कमाईंतून हौसेनें घेतात आणि तिचें कौतुक घरांतील सर्वांसच असतें. परंतु बहुतेक घरांत मोटार एकच असल्यामुळें तीच चपळ मोटार सकाळीं नातवंडांना शाळेंत पोंचविते, दुपारीं आजींना डॉक्टरांकडे नेते आणि भाद्रपदांत सारें कुटुंब व फराळाचे डबे घेऊन भर पावसांत कोंकणची वाट धरते. म्हणून तिच्या टायरांची निवड ही एकट्या चिरंजीवांच्या आवडीची बाब राहत नाहीं. ती घराची बाब होते. या महिन्यांत याच विषयाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपला पाऊस म्हणजे काय चीज आहे हें आधीं ध्यानांत घ्यावें. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो; मुंबईस २,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो; आणि महाबळेश्वरीं ५,००० मिलिमीटरांच्याही वर जातो. हा सर्व पाऊस वर्षभर वांटून येत नाहीं. बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्यांतही मृगाची पहिली सर फसवी. आठ महिने रस्त्यावर साचलेलें तेल, धूळ आणि रबराचा कीस पहिल्या पाण्यांत भिजून त्याचा बुळबुळीत लेप होतो. तो धुवून निघेपर्यंत रस्ता केवळ ओला नसतो, तर निसरडा असतो.

आतां या रस्त्याशीं मोटारीचा संबंध येतो तरी किती? एका टायराचा जमिनीस टेंकणारा भाग माणसाच्या तळहाताहून फारसा मोठा नसतो. म्हणजे चार तळहातांएवढ्या रबरावर हजार-दीड हजार किलो वजनाची गाडी आणि तींत बसलेलीं पांच माणसें अवलंबून असतात. एंजिनाची ताकद, ब्रेकांची तत्परता आणि चाकें घसरूं न देणारीं आधुनिक विद्युत्-यंत्रें यांचा पराक्रम अखेर या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोंचावयाचा असतो. यंत्र कितीही हुशार असलें तरी तें असलेल्या पकडीचा नीट उपयोग करील. नसलेली पकड तें कोठून आणणार?

ओल्या रस्त्यावर टायराला दोन निरनिराळीं कामें करावीं लागतात, आणि सर्व घोंटाळा होतो तो या दोन कामांत भेद न केल्यामुळें. पहिलें काम पकडीचें. रस्ता भिजलेला आहे, पण पाणी साचलेलें नाहीं, अशा वेळीं रबरानें डांबराच्या किंवा काँक्रिटच्या बारीक खडबडीला चिकटून राहिलें पाहिजे. हा गुण रबराच्या मिश्रणाचा. पूर्वीं टायराच्या रबरांत मुख्यतः काजळी मिसळीत. १९९२ मध्यें मिशेलिन कंपनीनें त्यांत सिलिका मिसळलेले टायर बाजारांत आणले. त्यामुळें इंधनाची बचत साधूनही ओल्या रस्त्यावरील पकड टिकवितां येऊं लागली, आणि आज चांगल्या टायरांत सिलिका असतेंच.

दुसरें काम पाण्याचा निचरा करण्याचें, आणि तें खांचांचें आहे, रबराचें नव्हे. एक साधें गणित करून पाहूं. २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशीं ८० किलोमीटर वेगानें चालला आहे आणि रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे. या वेगानें चाक सेकंदाला सुमारें २२ मीटर पुढें जातें. म्हणजे त्याच्या वाटेंत दर सेकंदास सुमारें १५ लिटर पाणी येतें. चांगली बादलीभर पाणी दर सेकंदास खांचांतून मागें व बाजूला फेकलें गेलें, तरच रबर जमिनीला लागणार! तें न झालें तर टायरापुढें पाण्याची पाचर तयार होते आणि चाक तिच्यावर चढून तरंगूं लागतें. नदीवर मुलें चपटा खडा तिरका फेकतात व तो पाण्यावर टप्पे घेत जातो, तसाच हा प्रकार. अशा वेळीं स्टिअरिंग हातांत एकदम हलकें लागतें, ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाहीं, आणि रबर कितीही उत्तम असलें तरी निरुपयोगी ठरतें. कारण तें रस्त्यास लागलेलेंच नसतें.

अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेंतील संशोधकांनीं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्यें या तरंगण्याच्या वेगाचा एक नियम प्रसिद्ध केला. टायरांतील हवेचा दाब पौंडांत घेऊन त्याचें वर्गमूळ काढावें आणि त्याला सुमारें साडेसोळानें गुणावें. येईल तो ताशीं किलोमीटरांतील वेग. ३२ पौंड हवेला तो सुमारें ९४ येतो, आणि हवा २५ पौंडांवर उतरली कीं ८३ वर येतो. मोटारीच्या टायराला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाहीं. त्याची रुंदी, नक्षी आणि पाण्याची खोली यांनीं आंकडे बदलतात. पण त्याचें मर्म खरें आहे. हवा कमी झालेला टायर लवकर तरंगतो. तेव्हां महिन्यांतून एकदां, गाडी थंड असतांना, पंपावर हवा तपासून घेणें हा पावसाळ्यांतील सर्वांत स्वस्त विमा होय.

एवढें समजलें म्हणजे निवड करणें कठीण नाहीं. प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. थंड देशांत टायरांचे उन्हाळी, हिंवाळी व बारमाही असे वर्ग करतात. ‘उन्हाळी’ म्हणजे कोरड्या रस्त्याचा, असा समज होणें स्वाभाविक आहे. पण तो खरा नव्हे. हा भेद उष्णतामानाचा आहे, पाण्याचा नाहीं. हवेचें उष्णतामान सुमारें ७ अंशांखालीं गेलें कीं उन्हाळी रबर ताठर होतें, म्हणून तिकडे हिंवाळी टायर लागतात. आपल्याकडे भर पावसांतही कोंकणांत पंचवीस अंशांच्या आसपास ऊब असते. म्हणून आपल्या चपळ मोटारीला चांगला उन्हाळी टायरच योग्य. ‘बारमाही’ या शब्दाला भुलून बर्फासाठीं केलेली तडजोड विकत घेण्याचें कारण नाहीं.

मात्र उन्हाळी वर्गांतही एक पोटजात आहे, तिच्यापासून दूर राहावें. शर्यतीच्या मैदानासाठीं केलेले, नक्षी जवळजवळ नसलेले टायर रस्त्यावर चालविण्याची परवानगी असलेल्या स्वरूपांत मिळतात. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड विलक्षण असते आणि चिरंजीवांच्या मित्रमंडळींत त्यांची थोरवीही फार असते. पण साचलेलें पाणी वाहून नेण्यास त्यांत वाटच नसते. ताम्हिणीच्या घाटांत आषाढांत ते घालून जाणें म्हणजे गुळगुळीत तळाच्या चपला घालून नदीचा घाट उतरण्यासारखें आहे.

पुढचा मोह रुंदीचा. रुंद टायर दिसावयास भारदस्त असतो व कोरड्या वळणावर उपयोगीही असतो. परंतु तो जितका रुंद तितकें अधिक पाणी त्याला हलवावें लागतें. म्हणून कारखान्यानें नेमून दिलेल्या मापांहून रुंद टायर केवळ शोभेसाठीं घालूं नये. कारखान्यानें दोन मापें मान्य केलीं असतील तर पावसाळी प्रदेशांत अरुंद माप निवडणें शहाणपणाचें.

टायराच्या अंगावरील अक्षरें घरांतील कोणासही वाचतां येतील अशीं आहेत. समजा ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ असें लिहिलें आहे. २२५ ही मिलिमीटरांत रुंदी. ४५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ४५. १७ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ म्हणजे एका टायरानें ६१५ किलो भार वाहावा. आणि डब्ल्यू म्हणजे ताशीं २७० किलोमीटर वेगापर्यंतची योग्यता. भार आणि वेग यांच्या खुणा कारखान्यानें सांगितल्यापेक्षां कमी असूं नयेत. पण वेगाचें अक्षर मोठें म्हणून टायर पावसांत चांगला, असें मात्र मुळींच नाहीं. उष्णता सोसण्याची ती परीक्षा. ओल्या रस्त्याची नव्हे.

ओल्या रस्त्याची परीक्षा पाहावयाची तर युरोपांतील चिठ्ठी पाहावी. तेथें २०१२ पासून टायरांवर ओल्या पकडीची श्रेणी छापतात, आणि २०२१ पासून ती ए ते ई अशी पांच पायऱ्यांची आहे. आपल्या सरकारनेंही २०२२ मध्यें ओल्या पकडीचे किमान नियम अधिसूचित केले आहेत. युरोपांतील श्रेणी ए असलेला टायर मिळत असेल तर तोच घ्यावा. पण ही श्रेणी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून मोजलेली असते. ती पहिल्या कामाची परीक्षा आहे, दुसऱ्या कामाची नाहीं. निचऱ्यासाठीं आपण स्वतः टायराकडे पाहावें. परिघाभोंवतीं तीन-चार रुंद, खोल, अखंड खांचा असाव्यात आणि त्यांतून बाजूला पाणी नेणाऱ्या वाटा असाव्यात. ज्या नक्षीला दिशा असते तिच्यावर बाण असतो. ज्या नक्षीला आंत-बाहेर असतें तिच्यावर तसें लिहिलेलें असतें. टायरवाल्यानें ते उलटे बसविले नाहींत ना, हें दुकानांतून निघण्यापूर्वींच पाहावें. तसेंच चार आंकडी तारीख वाचावी. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला टायर. रबर वयानेंही कडक होतें. म्हणून दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला माल सवलतींत मिळाला तरी घेऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्यावर चिरंजीव आणि घरचे वडील या दोघांचेंही दुर्लक्ष होतें. नव्या टायराच्या खांचा सुमारें ८ मिलिमीटर खोल असतात. आपला कायदा मोटारीचा टायर १.६ मिलिमीटरांपर्यंत झिजूं देतो, आणि तेवढी झीज दाखविणाऱ्या आडव्या पट्ट्या खांचांच्या तळाशीं असतात. कायद्याची ही शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यांत सुरक्षित राहण्याची नव्हे. खांच ३ मिलिमीटरांवर आली म्हणजे निचऱ्याची मूळची वाट निम्म्याहूनही कमी उरलेली असते. आमचें स्पष्ट मत असें कीं, पावसाळी प्रदेशांत चपळ मोटारीचा टायर ३ मिलिमीटरांवर आला कीं बदलावा.

येथें घरांतील हिशेबी माणूस म्हणेल कीं, अजून आयुष्य बाकी असलेली वस्तु टाकावी काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच करूं. ८ पासून १.६ पर्यंत वापरावयाचें रबर ६.४ मिलिमीटर, त्यांतील १.४ मिलिमीटर आपण सोडून दिलें. चार टायर समजा ६०,००० रुपयांना पडले, तर हें सोडलेलें रबर सुमारें १३,००० रुपयांचें झालें. आतां दुसऱ्या बाजूचा आंकडा पाहा. ताशीं ८० वेगानें जाणाऱ्या दोन मोटारींनीं एकाच ठिकाणीं ब्रेक लावला. एकीच्या टायराचा ओल्या रस्त्यावरील घर्षणांक ०.८ आहे, दुसरीचा झिजल्यामुळें ०.५ उरला आहे. पहिली सुमारें ३२ मीटरांत थांबते; दुसरीला ५० मीटर लागतात. एवढ्यावर न थांबतां असें विचारावें कीं, पहिली जेथें उभी राहिली तेथें दुसरीचा वेग किती असतो? शालेय गतिशास्त्रानें उत्तर येतें, ताशीं सुमारें ४९ किलोमीटर. त्या जागीं घाटांतील वळणावर उभा असलेला एस्. टी.चा मागचा भाग असेल, किंवा रस्ता ओलांडणारा मुलगा असेल. १३,००० रुपये कोठें वांचवावे व कोठें वांचवूं नयेत, हें यानंतर आम्हीं सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. दोनच टायर बदलावयाचे असतील तर नवे टायर मागें घालावेत, मग एंजिनाची ताकद पुढच्या चाकांना कां मिळेना. पुढचीं चाकें घसरलीं तर गाडी सरळ जाऊं पाहते, हातांना तें कळतें आणि वेग कमी केल्यास ती बहुधा सांवरते. मागचीं चाकें सुटलीं तर गाडी जागच्या जागीं भोंवरा होते, आणि तें कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शक्य असेल तेथें चारही टायर एकाच जातीचे व एकदमच घ्यावेत, हें उत्तम.

तात्पर्य, चपळ मोटार ही वाईट वस्तु नव्हे आणि तरुणांची हौस हा अपराध नव्हे. पण ओल्या देशांत चपळपणाची खरी कसोटी धांवण्यांत नसून थांबण्यांत आहे. चिरंजीवांनीं रुंदी आणि रुबाब बाजूस ठेवून पकड व निचरा हीं दोन पाहावींत. आणि घरच्या कर्त्यांनीं मे महिन्यांत छत्र्या दुरुस्तीला टाकतांना व कौलें शाकारून घेतांना टायरांची खोली मोजण्याचेंही काम यादींत घालावें. खोली मोजण्याची पट्टी फार थोड्या पैशांत मिळते. मृग लागण्यापूर्वीं ती चारही चाकांवर, आंतल्या व बाहेरच्या खांचांत, लावून पाहावी आणि येईल तो आंकडा तारखेसह घरच्या जमाखर्चाच्या वहींत लिहून ठेवावा. ज्या वर्षीं तो ३ च्या खालीं येईल त्या वर्षीं नवे टायर घेतल्याशिवाय गाडी घाटाकडे वळवूं नये.