शोधनिबंध मोजायचे की वाचायचे?

दिग्रस - यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. दिग्रस-पुसद भागातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पुणे-मुंबईपेक्षा हे ठिकाण कितीतरी जवळचे आहे. या वेधशाळेमागील विज्ञानात ज्या मराठी संशोधकाचा मोठा वाटा आहे, त्याच्या कामाचा इतिहास मात्र आपल्या महाविद्यालयांत रूढ झालेल्या मोजमापाच्या पद्धतीवर प्रश्नचिन्ह उमटवणारा आहे.

पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या विदा-विश्लेषणाचे काम हाती घेतले, तेव्हा अशी लहर टिपू शकेल असे उपकरण जगात कोठेही नव्हते. विषय कोरडा, यशाची शाश्वती नाही आणि तो वाचणारे मोजकेच. त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू डी' या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांचा अतिक्षीण संकेत उपकरणाच्या गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, हा त्याचा विषय. आठवडी बाजाराच्या कोलाहलात आपल्या माणसाची हाक ओळखू येते, कारण तो आवाज आधीपासून कानात असतो. त्याचप्रमाणे संभाव्य संकेतांचे नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि आलेली नोंद त्यांच्याशी ताडून पाहायची, अशी ही पद्धत. नमुने किती लागतील, त्यांच्यात अंतर किती ठेवायचे, याचे गणित त्या निबंधात मांडले होते.

प्रत्यक्ष लहर सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जवळपास पाव शतकानंतर. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या त्या शोधनिबंधावर हजाराच्या आसपास लेखकांची नावे आहेत. भारतातील नऊ संस्थांचे शास्त्रज्ञ त्यांत आहेत. आजवर दहा हजारांहून अधिक निबंधांनी त्याचा संदर्भ दिला आहे. मोजदादीच्या नियमानुसार हे सारे संदर्भ प्रत्येक लेखकाच्या खात्यावर जमा होतात. पंचवीस वर्षे खपलेल्याच्याही आणि दोन वर्षांपूर्वी गटात आलेल्याच्याही. २०१७ चे नोबेल मात्र तिघांनाच मिळाले. १९९१ नंतर पाच वर्षांनी एखाद्या समितीने केवळ संदर्भसंख्येवरून या विषयाचे भवितव्य ठरवले असते, तर निष्कर्ष काय निघाला असता, हे सांगायला नको.

संदर्भांच्या मोजणीचा मूळ हेतू वाईट नव्हता. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये संदर्भसूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तो संशोधकांना संबंधित निबंध सापडावेत म्हणून. पुढे ती माणसे जोखण्याची तागडी झाली. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचवला. किमान वीस वेळा संदर्भ मिळालेले वीस निबंध असतील, तर निर्देशांक वीस. एकच आकडा आणि समितीला सोयीचा! विरोधासाठी दिलेला संदर्भही त्यात समर्थनाइतकाच धरला जातो. डॉ. जयंत नारळीकर यांनी महास्फोट सिद्धांताला आयुष्यभर पर्याय मांडला; त्या कामाचे संदर्भ देणाऱ्यांत टीकाकारही आहेत. त्यांनी १९८८ मध्ये उभी केलेली 'आयुका' आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांनी वाचलेल्या त्यांच्या मराठी विज्ञानकथा यांची नोंद तर या खात्यात कोठेच होत नाही.

दिग्रस, पुसद, दारव्हा येथील महाविद्यालये अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील प्राध्यापकांपर्यंत हा आकड्यांचा आग्रह पोहोचला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीतून. पदोन्नतीसाठी गुण आणि गुणांसाठी निबंध, असा तो व्यवहार. दिवसभर तास घेणाऱ्या, सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या शिक्षकाने निबंध आणायचे कोठून? बाजाराने उत्तर शोधले. पैसे भरा, निबंध छापून घ्या, अशी नियतकालिके देशभर फोफावली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर तीतच बनावट नावे शिरली. मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळावी लागली. त्यानंतर 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून आयोगाने केवळ मार्गदर्शक निकष दिले आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

हा निर्णय तत्त्वतः योग्य आहे. परंतु निबंध वाचून त्याचा कस ठरवायचा, तर त्या विषयाचा जाणकार समितीत हवा, वाचनाला वेळ हवा आणि ओळखीपाळखीला थारा नको. या तिन्ही गोष्टी लहान गावांत सहज जुळत नाहीत. त्या जुळल्या नाहीत, तर तयार आकड्यांकडे पुन्हा वळण्याचा मोह होणारच. 'जगातील अव्वल दोन टक्के' शास्त्रज्ञांच्या यादीचे दरवर्षी होणारे कौतुक हे त्याचेच लक्षण. ती यादीदेखील संदर्भांच्याच गणितावर बेतलेली आहे. स्वतःच स्वतःचे संदर्भ देणाऱ्यांचे प्रमाण ती वेगळे दाखवते, हा तिचा खरा उपयोग. सत्काराच्या फलकावर तेवढा भाग येत नाही.

औंढ्याची वेधशाळा २०३० पूर्वी सुरू होण्याची चिन्हे नाहीत. तेथे काम करू शकतील अशी मुले आज या भागातील शाळांत आहेत. त्यांना महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या मात्र याच काळात व्हायच्या आहेत.