समुपदेशन गुरुजींच्या माथी नको

दिवाळी आटोपली की जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील अनेक गावांतून ऊसतोडीसाठी गाड्या निघतात. त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा बुडते. ती बुडू नये म्हणून सरकारची हंगामी वसतिगृह योजना आहे. मूल गावातच आजीआजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. ही योजना मोलाची आहे. मात्र ती पोटाची काळजी घेते, मनाची नाही.

समजा, असाच एक आठवीतला मुलगा आहे. हजेरीपटावर तो रोज हजर असतो. दंगा करत नाही, उलट उत्तर देत नाही. जानेवारीपासून वहीत काही लिहिलेले नसते, डबा तसाच परत जातो, खेळाच्या तासाला तो कोपऱ्यात बसतो. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तो ‘शांत मुलगा’ वाटतो. त्याची झोप उडाली आहे का, त्याला कोणी त्रास देते आहे का, हे विचारायला शाळेत कोण आहे? सध्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘कोणीच नाही’ असेच आहे.

न्यायालयाने काय सांगितले?

हा प्रश्न आता केवळ सदिच्छेचा राहिलेला नाही. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातील शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. याबाबत स्वतंत्र कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. शंभरापेक्षा कमी पट असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी.

या सूचनांमागची आकडेवारी गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. त्या वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंमागे नोंदले गेले. म्हणजे परीक्षा हे मोठे कारण आहे, पण एकमेव नाही. घरातले ताण, आजारपण, छळ, लादलेले लग्न या गोष्टी निकालाच्या दिवशी दिसत नाहीत. त्या वर्षभर मुलाच्या सोबत असतात.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू होतात. चौदावे वर्ष म्हणजे आठवी-नववी. आजाराची सुरुवात शाळेच्या बाकावर होते आणि उपचार मात्र अनेकदा दहा-वीस वर्षांनी, घडी विस्कटल्यावर सुरू होतात.

शालेय मानसशास्त्रज्ञ नेमके काय करतो?

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो निदान करतो, औषधे देतो. शालेय मानसशास्त्रज्ञाचे काम निराळे आहे. ते साधारण तीन प्रकारचे असते.

पहिले, ओळखणे. अक्षरे उलटसुलट लिहिणारे, वाचताना अडखळणारे मूल ‘ढ’ नसून त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण ती चाचणी करून घ्यायला हवी हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते.

दुसरे, ऐकणे. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. ‘अभ्यास कर, सगळे ठीक होईल’ हे वाक्य मुलाने घरी शंभरदा ऐकलेले असते. प्रशिक्षित व्यक्ती मुलाला बोलते करते, अडचण नेमकी कशात आहे ते त्याच्याबरोबर शोधते आणि पुढचे लहानसे पाऊल ठरवते. बोललेले गुप्त ठेवते. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना विश्वासात घेते, आणि लैंगिक अत्याचार उघड झाल्यास पोक्सो कायद्याप्रमाणे त्याची माहिती पोलिसांना देणे तिच्यावर बंधनकारक असते.

तिसरे, शाळेचे वातावरण बदलणे. चिडवणे, जातीवरून टोमणे, सर्वांसमोर पाणउतारा, मार यांचा परिणाम एका मुलावर नव्हे, संपूर्ण वर्गावर होतो. तिथे एकेका मुलाला समजावून भागत नाही. शिक्षकांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलावे लागते.

बिहारचा धडा

एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून, हा आक्षेप रास्त आहे. देशात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ सरासरी ०.७५ आहेत. किमान तीन तरी हवेत. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या पुढे होती. देशाच्या सरासरीनेही जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा डॉक्टर येतील. त्यातच हे डॉक्टर मोठ्या शहरांत एकवटलेले असतात. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना पाचशे विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा असे सांगते. ते प्रमाण तिथेही पाळले जात नाही.

म्हणून सरकारी यंत्रणा सोपा मार्ग धरते. काम शिक्षकाकडे सोपवले जाते. आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचे दूत नेमण्याची कल्पना आहे. हेतू चांगला आहे. पण मानसिक आरोग्यापुरते बोलायचे तर हा मार्ग पुरेसा आहे का, याचे उत्तर देणारा एक मोठा अभ्यास भारतातच झाला आहे.

गोव्यातून काम सुरू केलेल्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग केला. चिठ्ठी टाकून शाळांचे तीन गट पाडले. एका गटात उपक्रम चालवण्यासाठी स्वतंत्र, स्थानिक, प्रशिक्षण दिलेली व्यक्ती नेमली. ती मानसशास्त्राची पदवीधर असण्याची अट नव्हती. दुसऱ्या गटात तेच उपक्रम शाळेतल्याच शिक्षकांकडे दिले. तिसऱ्या गटात नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम सुरू राहिला. उपक्रम साधे होते: मनातले लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, कार्यशाळा आणि गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे.

२०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण ठळकपणे सुधारले, नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी आणि मारामारी घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र तिसऱ्या गटापेक्षा काहीही फरक पडला नाही. उपक्रम तेच होते. फरक होता तो ते चालवणाऱ्या माणसात.

यात शिक्षकांचा कमीपणा नाही. शिकवणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे यांतून समुपदेशनाला वेळ उरत नाही. शिवाय जो गुण देतो, रागावतो, पालकांना बोलावतो, त्याच्यासमोर मन मोकळे करणे मुलाला अवघड जाते. समुपदेशक वेगळा असावा लागतो तो याचसाठी.

जालन्यात काय आहे, काय नाही?

जालन्याला मानसिक आरोग्याच्या सोयी अगदीच नवीन नाहीत. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात जालना होता. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांनंतर जालन्यासाठी ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचेही आहे.

पण खाटा उपयोगी पडतात त्या आजार बळावल्यावर. मंठ्यातल्या त्या आठवीतल्या मुलाला खाट नको आहे. त्याला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे ऐकणारा माणूस हवा आहे.

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत जालना जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दिसले. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के होती. मुलीचे लग्न ठरल्याचे तिच्या मैत्रिणींना कळते. अशा वेळी ती शाळेत कोणाला सांगेल? शाळांत सखी सावित्री समित्या आहेत, तक्रारपेट्या आहेत. पण समितीची बैठक कधीतरी होते आणि पेटीला कुलूप असते. ती रोज उघडणारा, चिठ्ठी वाचून त्याच दिवशी काही करणारा माणूस नसेल तर पेटी भिंतीवरची शोभा ठरते.

यात शंभराची अट आणखी एक अडचण निर्माण करते. वाडी-वस्ती आणि तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट शंभराच्या आतच असतो. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच चौदा हजारांवर आहेत. शहरातली मोठी खासगी शाळा समुपदेशक नेमून मोकळी होईल. ज्या मुलांचे आईवडील सहा महिने गावाबाहेर असतात, त्यांची शाळा मात्र ‘बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी’ या कागदावरच्या ओळीवर अवलंबून राहील.

मार्ग कोणता?

तो मार्ग शिक्षण खात्याच्या रचनेतच सापडतो. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत विभागलेल्या आहेत. प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित समुपदेशक देता येईल. आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो, तसा प्रत्येक शाळेचा त्याचा वार ठरलेला असावा, म्हणजे मुलाला ‘तो परत कधी येणार’ हे माहीत असेल. तालुक्याच्या गट साधन केंद्रात एक पात्र मानसशास्त्रज्ञ असावा. चाचण्या आणि समुपदेशकांवर देखरेख हे त्याचे काम. गंभीर प्रकरणे जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाकडे जावीत. ऊसतोडीच्या हंगामात हंगामी वसतिगृहांच्या गावांना पहिला प्राधान्यक्रम द्यावा.

यात धोके आहेत. नालंदातला प्रयोग मोठ्या माध्यमिक शाळांतला होता आणि तिथे प्रत्येक शाळेला स्वतःची व्यक्ती होती. आठवड्यातून एकदा येणाऱ्याचा परिणाम तेवढाच होईल असे धरून चालता येणार नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर माणसे बदलत राहिली तर मुलांचा विश्वासच बसणार नाही. देखरेख नसलेला अर्धवट प्रशिक्षित समुपदेशक अपायही करू शकतो. म्हणूनच किती शाळांत समुपदेशक आहेत, ते महिन्यातून किती दिवस येतात आणि किती मुलांना पुढे उपचार मिळाले, या तीन गोष्टी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने जाहीर कराव्यात. मुलांची नावे गुप्त राहिली पाहिजेत, पण आकडे गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

तोवर घरच्यांनी आणि शिक्षकांनी काही खुणा ओळखाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बदलणे, मित्र तोडणे, आवडता खेळ सोडणे, अचानक गुण घसरणे, कारण नसताना पोट किंवा डोके दुखणे, ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे बोलणे. यातले शेवटचे लक्षण कधीही चेष्टेवारी नेऊ नये. मुलाला एकटे सोडू नये, शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्याशेजारी, मुलांना वाचता येतील अशा उंचीवर रंगवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.