रात्रीच्या आकाशाविषयी नगरविकास विभागास अर्ज

महाराष्ट्र शासनाचा नगरविकास विभाग,
मंत्रालय, मुंबई, यांस

स. न. वि. वि.

आपल्या दप्तरी रस्ते, गटारे, पाणीपुरवठा आणि बांधकामाचे परवाने यांविषयीचे अर्ज रोज दाखल होत असतील. आकाशाविषयीचा अर्ज क्वचितच आला असेल, आणि आलाच तर तो कोणत्या खात्याकडे धाडावा या विवंचनेत एखाद्या फडताळात विसावला असेल. तथापि ज्या वस्तूविषयी हे पत्र आहे तिचा ऱ्हास शहरांतील दिव्यांनी, कोणाच्याही मनात तसा हेतू नसताना, होत चालला आहे आणि त्या दिव्यांचे नियम ठरविण्याचा अधिकार बव्हंशी आपल्या अखत्यारीत आहे, म्हणून ते आपल्याच नावे लिहिणे प्राप्त आहे.

मी ज्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात जातो त्यात बँकेतील कारकून आहेत, शिक्षिका आहेत, महाविद्यालयीन मुले आहेत. पोटापाण्यासाठी ताऱ्यांवर अवलंबून असलेला एकही नाही. हा छंद महाराष्ट्राला नवा नव्हे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा प्रचंड ग्रंथ १८९६ साली मराठीत सिद्ध केला. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवीत आली आहे. आणि मुंबईचे खगोल मंडळ वांगणीस रात्रभराचे जे कार्यक्रम करते, त्यांत कित्येक मुंबईकरांनी आकाशगंगा जन्मात प्रथमच पाहिली असेल.

माळावर पोचल्यावर आमचा पहिला शिरस्ता म्हणजे बॅटऱ्यांच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद बांधणे, कारण अंधाराला सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एकच झोत ती सारी साधना क्षणात व्यर्थ घालवतो. (खिशातून मोबाइल काढणाऱ्या नवख्यावर आमचे ज्येष्ठ सभासद जो आवाज चढवितात, तो त्यांच्या घरी कोणी कधी ऐकला नसेल.) मग सप्तर्षींतील वसिष्ठ आणि त्याला लगटून असलेली अरुंधती दाखविली जाते. विवाहात वराने वधूला ही तारका दाखवावी असा आपला आचार. आज तो मंगल कार्यालयाच्या छताकडे बोट करून उरकला जातो, आणि त्याबद्दल भटजींना दोष देता येत नाही, कारण बाहेर येऊन पाहिले तरी शहराच्या झगमगाटात चौथ्या प्रतीची ती तारका सामान्य डोळ्यास सहसा लागत नाही.

परंतु चैत्र-वैशाखाच्या रात्री खरे वैभव दक्षिणेस असते. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ, आपल्या आकाशगंगेतील अशा गुच्छांत सर्वांत मोठा, लंडनच्या क्षितिजावर कधीही उगवत नाही. पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे चोवीस अंश उंच चढतो आणि अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना धूसर ताऱ्यासारखा दिसतो. त्रिशंकू त्याहून खाली, क्षितिजालगत रेंगाळत असतो. भूगोलाने आपल्याला बहाल केलेले हे दान युरोपातील निरीक्षकाला हेवा वाटावा असे आहे. मात्र शहरांच्या उजेडाचा घुमट क्षितिजावर नेमका त्याच उंचीपर्यंत पसरतो, आणि शहर दक्षिणेस असेल तर उत्तरेकडच्या डोंगरावर गेलेल्यांच्या पदरी त्या दिशेने करडी धूळच पडते. आधीच पावसाळ्याचे चार महिने ढगांनी घेतलेले, उरलेल्या आठांतले निम्मे चंद्राने; जे हाती राहिले त्यासाठी माणसांना दर काही वर्षांनी आणखी दूरचा माळ धुंडाळावा लागतो.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वीस इंची परावर्तक दुर्बीण होती, देशातील त्या काळची सर्वांत मोठी. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. उद्या कोणी ती सन्मानपूर्वक परत आणली, तरी पुण्याच्या मध्यवस्तीत तिचा उपयोग चंद्र आणि ग्रह पाहण्यापलीकडे फारसा होणार नाही.

आम्ही रस्त्यांवर काळोख मागत नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. ज्या दिव्याला वरून झाकण आहे त्याचा उजेड डोळ्यांत न शिरता पायाखाली पडतो, म्हणजे पादचाऱ्याला तो उलट अधिकच उपयोगी. आणि आकाशात निघून गेलेल्या उजेडाचे वीजबिल रयतच भरत असते. पाट फोडून ओढ्याला पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्याला आपण जे म्हणू, तेच या दिव्यांच्या आखणीला म्हणावे लागेल. त्यात शुभ्र एलईडी दिव्यांत निळ्या किरणांचा अंश मोठा, आणि हवा निळा प्रकाश अधिक विखुरते, त्यामुळे जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांऐवजी हे दिवे आले की वीज वाचूनही आकाश अधिक उजळते.

असे बंधन घालणे अशक्य आहे, ही सबब मात्र ऐकून घेण्याजोगी नाही. फ्रान्सने २०१८ च्या डिसेंबरात काढलेल्या हुकुमाने बाहेरच्या दिव्यांच्या रंगाला ३००० केल्विनची कमाल मर्यादा घातली आणि दुकानांचे दिवे रात्री विझविण्याची सक्ती केली. पण फ्रान्सचा दाखला कशास हवा? आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या आरंभी भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, तो भोवतालच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविल्यामुळेच. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा पोचू नये म्हणून पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी बदलण्यापर्यंत मजल गेली. जी किरणे डोळ्याला दिसत नाहीत त्यांची एवढी कदर होते, मग दिसणाऱ्या ताऱ्यांनीच काय गुन्हा केला, हे मला उमगलेले नाही.

तरी विनंती अशी, की यापुढे रस्त्यांवरील दिव्यांच्या ज्या निविदा निघतील त्यांच्या मसुद्यात, दिव्याचा प्रकाश आडव्या रेषेच्या वर जाऊ नये आणि त्याचा रंग ३००० केल्विनच्या आत असावा, अशी दोन कलमे घालावीत. जाहिरात-फलकांना आणि इमारतींवरील शोभेच्या झोतांना मध्यरात्रीची मुदत ठरवून द्यावी. आणि मसुद्यावर हरकती मागविताना राज्यभरातील आकाशनिरीक्षक मंडळांनाही पाचारण करावे. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याआधी एका अमावास्येला आमच्यासोबत माळावर यावे. चटई आणि चहा आमच्याकडे लागला.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक हौशी आकाशनिरीक्षक