सहा महिने पूर्ण झाल्यानंतर

बाळाला काय व केव्हा भरवावे, याविषयी भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निःसंदिग्ध आहेत. जन्मानंतर तासाभराच्या आत स्तनपान सुरू करावे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये. सहा महिने पूर्ण होताच घरी शिजवलेला मऊ, घट्टसर पूरक आहार सुरू करावा आणि त्यासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००६ च्या सूचनांपासून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक तत्त्वांपर्यंत हा गाभा बदललेला नाही. वादाचा मुद्दा एवढाच उरतो की, या सूचना पाळता याव्यात म्हणून राज्यसंस्थेने स्वतः काय करायचे. माझ्या मते याच प्रश्नाला आपण बगल देत आलो आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीची तुलना बोलकी आहे. सहा महिन्यांखालील बालकांत निव्वळ स्तनपानाचे प्रमाण ५४.९ टक्क्यांवरून ६३.७ टक्क्यांवर गेले. ही प्रगती खरी आहे आणि तिचे श्रेय घरोघरी जाणाऱ्या आशा व अंगणवाडी कार्यकर्तींना द्यायलाच हवे. मात्र सहा ते तेवीस महिने वयाच्या ज्या बालकांना पुरेसा आहार मिळतो, त्यांचे प्रमाण ९.६ टक्क्यांवरून केवळ ११.३ टक्के झाले. म्हणजे दहांपैकी जवळजवळ नऊ बालके या किमान निकषाच्या बाहेर आहेत. उत्तर प्रदेश व गुजरातमध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आहे. यापैकी एक राज्य गरीब मानले जाते, तर दुसरे सधन. तेव्हा केवळ राज्याच्या सरासरी उत्पन्नाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

एक आकडा नऊ अंकांनी पुढे सरकतो आणि दुसरा दोन अंकांनीही सरकत नाही, असे का व्हावे? मला याचे उत्तर सूचनांच्या स्वरूपातच दिसते. पहिल्या सहा महिन्यांची सूचना मुख्यतः ‘देऊ नका’ अशी आहे: घुटी देऊ नका, मध चाटवू नका, पाणी पाजू नका. असा संदेश प्रबोधनाने पोहोचतो. त्यानंतरची सूचना मात्र ‘द्या’ अशी आहे: धान्यासोबत डाळ, भाजी, फळ, दूध, अंडे यांपैकी किमान चार अन्नगट द्या आणि तेही दिवसातून अनेकदा, थोडे थोडे, जवळ बसून द्या. त्यासाठी पैसा लागतो, इंधन लागते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाचा वेळ लागतो. पत्रक वाटून यातले काहीच घरात येत नाही.

मातांच्या अज्ञानाला दोष देण्याची सवय आपल्या प्रशासनाला जडली आहे. तिचे खंडन पहिल्या तासाच्या आकड्यानेच होते. पाचव्या फेरीपर्यंत ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत होऊ लागल्या होत्या. तरीही तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर, म्हणजे जागच्या जागीच राहिले. त्या तासात बाळ-बाळंतीण डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली असतात. खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. अशा प्रसूतीनंतर बाळाला आईच्या कुशीत देण्यासाठी जे मनुष्यबळ आणि जी शिस्त लागते, ती उभी करणे हे संस्थेचे काम आहे. ते झाले नाही, तर त्याचा जाब घरी परतलेल्या मातेला विचारता येणार नाही.

पुढचा अडसर रोजगाराचा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. निव्वळ स्तनपानाचा कालावधीही जवळपास तेवढाच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण काम करणाऱ्या बहुसंख्य भारतीय स्त्रिया शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा इतरांच्या घरी राबतात. त्यांना हा कायदा शिवत नाही. त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचा हक्क मान्य केला. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये देते आणि दुसऱ्या अपत्यासाठी सहा हजार, तेही मुलगी झाली तरच. पाच हजार रुपये २६ आठवड्यांत विभागले, तर दिवसाला सुमारे २७ रुपये पडतात. एवढ्या रकमेवर कोणती मजूर स्त्री सहा महिने घरी थांबू शकेल? तमिळनाडूची योजना रोख रक्कम व पोषणसाहित्य मिळून अठरा हजार रुपयांचे साहाय्य देते, ओडिशाच्या ममता योजनेने २०११ पासूनच या साहाय्याकडे बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून पाहिले. दोन्ही राज्यांचा अनुभव केंद्राला उपलब्ध आहे.

पूरक आहाराबाबत आपली मुख्य यंत्रणा म्हणजे अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार. त्यासाठी प्रतिबालक प्रतिदिन आठ रुपयांचा दर २०१७ मध्ये ठरला. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात हे दर यथोचित वाढवण्याचे आश्वासन दिले गेले. आठ रुपयांत धान्य-डाळीचे पीठ बसते. अंडे, फळ किंवा दूध नियमितपणे बसत नाही. शिवाय घरात आलेले पाकीट एकट्या बाळाचे राहत नाही, ते सर्व भावंडांत वाटले जाते. तीन वर्षांखालील मूल अंगणवाडीत सांभाळलेही जात नाही. आई कामावर गेल्यावर त्याला भरवण्याचे काम बहुधा आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे येते. ही उणीव कशी भरता येते, हे छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने चालवलेल्या ‘फुलवारी’ पाळणाघरांनी दाखवले आहे: सहा महिने ते तीन वर्षे वयाची मुले गावातल्याच स्त्रियांच्या देखरेखीखाली, दिवसभर, अनेकदा खाऊ घातलेली.

प्रबोधन थांबवावे, असे माझे म्हणणे नाही. आशा कार्यकर्तीची तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातील गृहभेट मोलाची आहे. पण पाच भेटींसाठी तिला मिळून अडीचशे रुपये देणारी व्यवस्था त्या भेटीला किती महत्त्व देते, हेही उघड आहे. ज्या मातांना आजारपणामुळे वा अन्य कारणाने स्तनपान शक्य होत नाही, त्यांच्याशी बोलताना उपदेशाऐवजी मदतीची भाषा हवी, हेही तिला शिकवले पाहिजे.

मी तीन गोष्टी सुचवतो. मातृत्व साहाय्य अपत्याचा क्रम व लिंग न पाहता द्यावे आणि ते किमान वेतनाशी जोडावे. अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढताना आरंभ मजूर वस्त्यांपासून करावा. घरपोच आहाराचा दर महागाईशी बांधून त्यात अंड्याचा वा दुधाचा समावेश करावा. महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेने आदिवासी भागात सातव्या महिन्यापासूनच्या बालकांसाठी अंडी देऊ केली आहेत, तेव्हा ही कल्पना नवी नाही. खर्च मोठा आहे, हे मान्य. मात्र पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी असलेला देश हा खर्च आजही करतोच आहे. तो बालकांच्या वाढीतून वसूल होतो, म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाही, इतकेच.